कासरेवाल्या आप्पांची बोट

कोणतीही वस्तू घ्यायची झाली की आप्पा आधी पायातल्या चपला काढायचे, मग तिच्यावर उजवा तळहात ठेवून डोळे मिटायचे. बैल असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर कुणाचा जुना फ्रीज. हाताने दोनदा थोपटलं की समजायचं, घ्यायला हरकत नाही. हात मुकाट्याने सदऱ्याच्या खिशात गेला, की आपण गाडी मागे वळवायची.

"आणायला काय लागतंय? नांदवायला लागतंय," हे त्यांचं पालुपद. म्हैस आणि मिक्सर दोघांनाही ते सुनेच्याच मापाने मोजत.

घाटनांदूरच्या पेठेत माझं औषधांचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून त्यांचं कासऱ्यांचं. कासरे, म्होरक्या, घागरमाळा, बैलाच्या अंगावर शोभेल ते सगळं तिथे टांगलेलं असे. बैल कमी झाले तसं गिऱ्हाईकही कमी झालं, पण आप्पांची मागणी कमी झाली नाही. काही घ्यायचं तर आप्पांना सोबत न्यायचं, ही आमच्या गावाची रीतच होती. बाजारात ते दिसले की काही व्यापारी आपलं जनावर दुसऱ्या बाजूला नेऊन बांधायचे. मी एकदाच त्यांचं न ऐकता फ्रीज घेतला. त्यात आता आम्ही चपला ठेवतो.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. सगळ्या गावाच्या घरातलं त्याला कळतं आणि स्वतःच्या घरात त्याला दोन शब्द बोलता येत नाहीत.

आप्पांना एकच मुलगा, बसू. बाप-लेकाचं भांडण असं कधीच नव्हतं. पण आमच्याकडच्या कित्येक घरांत बाप वाढत्या मुलाशी थेट बोलत नाही, बायकोला सांगतो. "त्याला म्हण, लवकर ये." "त्याला इचार, जेवला का." मुलगा तिथेच उभा असतो आणि आईने दुसऱ्यांदा सांगेपर्यंत काही ऐकू आलं नाही असं दाखवतो. आप्पांच्या घरात काकूंनी हे काम वर्षानुवर्षं केलं. काकू गेल्या आणि ते काम माझ्याकडे आलं. बसू दुकानाच्या पायरीवर बसलेला असायचा, आप्पा त्याच्या डोक्यावरून मला म्हणायचे, "त्याला म्हणा, भाकरी झाकून ठिवलीय." बसू मला म्हणायचा, "जेवतो म्हणावं." मी मध्ये उभा राहून मान हलवायचो. कधी कधी चिडून म्हणायचो, "अहो, तो काय लंडनला आहे का?" दोघेही हसायचे, आणि पुढचा निरोप परत माझ्याकडेच.

हा बसू विहिरीत पोहायला शिकलेला. आमच्या कोरड्या मुलखातला मुलगा गोव्याला जाऊन पर्यटकांच्या बोटी चालवायला लागला, याचं गावाला फार नवल होतं. काकू गेल्यावर तो दर सणाला येऊ लागला, आणि परत जायच्या दिवशी त्याचा पाय निघायचा नाही. त्या वर्षी मांजरा धरण काठोकाठ भरलं. दिवाळीला आलेला बसू दोन दिवस पाणी पाहून आला आणि माझ्या पायरीवर बसून म्हणाला, "काका, आप्पांना म्हणा, पुण्याच्या पल्याड एक जुनी जेट बोट इकायला हाय. इथं धरणावर लोकांना फिरवायचं. घिऊ का इचारा."

आप्पा आत सुतळी वळत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वळणारे हात थांबले. "बघू म्हणावं," ते मला म्हणाले.

त्या 'बघू'त केवढा आनंद होता ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. पुढचे चार दिवस आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, बोट कशी असते, काय खाते, किती पळते. काकू गेल्यापासून ते स्वतः एकटे चूल पेटवत होते, एकटे जेवत होते. रात्री बोलायला रेडिओ. मुलगा घरी राहील, एवढ्या एका गोष्टीवर आता त्यांचं सगळं आलं होतं. पैसा गाठीला होता, तो प्रश्न नव्हता. प्रश्न तळहाताचा होता.

आम्ही तिघे जीपने गेलो. एका धरणाच्या काठावर ती पांढरी-निळी बोट उभी होती. विकणारा माणूस सरळ होता, त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, हिला बाहेर पंखा नसतो. ही पोटाखालून पाणी ओढते आणि मागून जोरात फेकते, म्हणून पळते.

"आन् पाण्यासंगं चिखल ओढला तर?" आप्पांनी विचारलं.

"चिखल, गवत, शेवाळ आत गेलं की बसते बघा. पाणी स्वच्छ पाहिजे, आणि खोल."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आमचं धरण आम्हाला माहीत होतं. फुगलं की समुद्र, आणि एक पावसाळा हुकला की बाभळीची खोडं, बेशरमीची झुडपं आणि गुडघाभर गाळ. बसू बोट घेऊन मध्यावर गेला. पाण्याचा फवारा उडवत त्याने मोठी गिरकी घेतली तेव्हा तो इतका देखणा दिसला, की आप्पांच्या तोंडून "आरं बाबा!" निघून गेलं. मी त्या मुलाला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

बोट काठाला लागली. आप्पांनी चपला काढल्या, ओल्या वाळूत उभे राहिले, बोटीच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग हात खिशात गेला.

बसू दोर बांधत होता, त्याने पाहिलं नाही. मी पाहिलं. आप्पा एवढंच म्हणाले, "वाटंत सांगतो."

परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो तोवर आप्पांनी हो-नाही काही सांगितलं नव्हतं. शेवभाजी आली. बसू ताटात बघत मला म्हणाला, "काका, त्यांचं न्हाई आसंल तर न्हाई. मी सोमवारी गोव्याला निघतो. तिकडून फोन आलाय. आता वरचेवर यायला जमायचं न्हाई म्हणावं."

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, आणि तसाच हातात धरून बसले. रस्सा मनगटावरून ओघळला. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला म्हणा, घे."

मी चकित झालो. पण मध्यस्थाने मत द्यायचं नसतं. मी म्हणालो, "घे म्हणतात." बसूने त्या दिवशी सहा भाकरी खाल्ल्या.

बोट गावात आली ती ट्रॉलीवरून, वाजत-गाजत. आप्पांनी दुकानातली सगळ्यात भारी घागरमाळ काढून तिच्या नाकावर बांधली. गावच्या मठाचे स्वामी पूजेला आले आणि तिचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं यावर अडून बसले. शेजारचा फळवाला मौलाभाई म्हणाला, "आप्पा, दूध कितीक देती?" सगळी पेठ हसली आणि आप्पा सगळ्यांहून जास्त.

परवानगीचे कागद बसूने हिंडून-फिरून केले. मग दोन हंगाम ती बोट खरंच पळाली. केजचे, अंबाजोगाईचे लोक पोरंबाळं घेऊन यायचे. आप्पा स्वतः बोटीत एकदाही बसले नाहीत, पाण्याला भ्यायचे. पण दुकान दुपारपर्यंतच उघडं ठेवून, दोन डबे घेऊन, रोज धरणावर जायचे आणि काठावर नारिंगी जाकीट घालून बसायचे. मी म्हणालो, "जमिनीवर कशाला हो?" तर म्हणाले, "लई ऊब लागती."

एकदा मी तिथे गेलो होतो. बाप-लेक बाभळीखाली जेवत होते. आप्पा स्वतःच्या डब्यातली मऊ भाकरी काढून बसूच्या डब्यात ठेवत होते आणि त्याची कडक झालेली स्वतः घेत होते. बोलत नव्हतेच. बसू नुसता खाली बघून खात होता. मी झाडामागूनच परत फिरलो. त्या दोघांच्या मध्ये मी नसलो तरी चालतंय, हे मला पहिल्यांदा दिसलं.

तिसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. पाणी मागे सरकत गेलं. बोट आधी दिवसातून एकदा बसायची, मग तासातासाला. बसू कमरेएवढ्या गाळात उभा राहून तिच्या पोटाखालची जाळी साफ करायचा. उन्हाळ्यात ती भेगाळलेल्या चिखलात कलती होऊन पडली. ट्रॅक्टर लावून ओढून आणली आणि आप्पांच्या परसात ठेवली. घ्यायला कुणी तयार झालं नाही.

गाव बोलायचं ते बोललंच. "म्हाताऱ्याचा हात गेला." "बैलाचं कळतं म्हणून काय बोटीचं कळंल व्हय?" ज्यांच्या गोठ्यातली निम्मी जनावरं आप्पांनी निवडलेली, त्यांनी बैल आणायला आप्पांना बोलावणं सोडलं. बाजाराच्या दिवशी आप्पा सकाळी धुतलेला सदरा घालून दुकानात बसायचे आणि बाजाराला निघालेल्यांची जीप समोरून निघून जायची. त्यांनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मला मात्र गावाचा राग यायचा, अजून येतो.

बसूला हे सगळं ऐकू जात होतं. आपल्यापायी बापाची पत गेली, हे त्याने मनाला लावून घेतलं. एक दिवस पिशवी भरून तो स्टँडवर आला. आप्पा आणि मी सोडायला गेलो. पहिली गाडी आली ती त्याने गर्दी आहे म्हणून जाऊ दिली. गाडी अर्धी रिकामी होती. तिघे बाकावर बसून राहिलो. दुसरी गाडी दिसली तेव्हा आप्पा घाईघाईने मला म्हणाले, "त्याला इचारा, चार्जर घेतला का."

"घेतला म्हणावं," बसू म्हणाला, आणि चढला.

त्या संध्याकाळी मी आप्पांना विचारलं, "तुमचा हात खिशात गेला होता. मी पाहिला होता. मग घे कशाला म्हणालात?"

आप्पांनी सुतळीचा पीळ घट्ट केला. "मला कळलंच व्हतं," ते म्हणाले. "आपल्या पाण्यात नांदायची न्हाई ती. पर म्हणलं, नांदंल तितके दिवस नांदंल. पोरगं दोन सालं जवळ जेवलं. लई झालं."

पुढच्या थंडीत आप्पा झोपेतच गेले. मी फोन केला. बसू रात्रभर प्रवास करून मातीला पोचला. रडला नाही. सगळे पाहुणे गेल्यावर माझ्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "काका, साऱ्या गावाला बरुबर सांगितलं त्यांनी. माझ्याच येळंला कसे चुकले?"

मी सांगून टाकलं. बापाने जाताना चुकलेला म्हणून जावं, हे मला सोसवलं नाही. हात खिशात गेला ते, ढाब्यावरचं ते, आणि ती दोन सालं.

बसूने आप्पांच्या बंद दुकानाकडे मान वळवली.

"ऱ्हा म्हणले आस्ते तर ऱ्हायलो आस्तो की," तो म्हणाला. "बोट कावून पायजे व्हती? कासरे इकले आस्ते."

"मग तू तरी विचारायचंस, राहू का म्हणून."

"इचारलंच व्हतं की, काका," तो म्हणाला. "बोट घिऊ का, म्हंजे दुसरं काय इचारलं व्हतं मी?"

मी उठून आत गेलो आणि कपाटातल्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिलो. दोघांचे सगळे निरोप माझ्या हातून गेले, आणि हा एवढा एक दोघांपैकी कुणीच मला दिला नव्हता.