बेरिलबाईंचा डबा

गिऱ्हाइकाची थट्टा केल्याशिवाय नरेंद्रच्या हातून सामान बांधलं जात नसे. मेलबर्नला शिकायला आलेला हा पुणेकर तिथल्या क्रेगीबर्न या उपनगरात चौघांत खोली करून राहिला, आणि पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, लवकर मिळावी म्हणून उत्तरेकडच्या एका एवढ्याशा गावात आला. पीआर मिळाली, तरी तो इथेच राहिला. गावातलं एकुलतं एक दुकान त्याने आणि त्याच्या बायकोने, मयूराने, चालवायला घेतलं. जुन्या मालकाने जाताना बजावलं होतं, "काही जण पैसे देणार नाहीत, वस्तू आणतील. नाही म्हणू नकोस."

त्यातल्या एक बेरिलबाई. एकट्या राहायच्या, घरची अंडी आणायच्या आणि बदल्यात चहा-पीठ न्यायच्या. एका दिवाळीत मयूराने त्यांना स्टीलच्या डब्यातून लाडू दिले. बाईंनी डबा चकचकीत घासून परत आणला, तर नरेंद्र म्हणाला, "बेरिल, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हं!" ही थट्टाच होती. पण बाई डबा घेऊन तशाच घरी गेल्या आणि त्यात प्लमचा जॅम भरून आल्या.

मग काय, डब्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. इकडून चिवडा, तिकडून लिंबं. इकडून चकली, तिकडून अंडी. नरेंद्र पुण्याला फोनवर अभिमानाने सांगायचा, "आपली पद्धत शिकवली मी इथल्या लोकांना!"

एका शनिवारी दुकान भरलेलं असताना बेरिलबाईंनी डबा काउंटरवर ठेवला. नरेंद्रने झाकण उघडलं. प्रत्येक अंड्यावर सुपरमार्केटच्या अंड्यांवर असतो तसा शिक्का होता.

"काय बेरिल," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझ्या कोंबड्या छापखान्यात कामाला लागल्या की काय?"

दुकान हसलं. बाईही हसल्या. मयूराने अंडी काढून डब्यात शंकरपाळे भरून दिले, ते त्यांनी घेतले. पण बांधून ठेवलेला चहा आणि पीठ तिथेच राहिलं. "घरी आहे रे अजून," एवढंच म्हणाल्या.

त्या परत आल्या नाहीत.

"अरे, जाऊन ये ना एकदा," मयूरा म्हणायची.

"रुसली असेल. येईल की! शंकरपाळे संपू देत."

मनातून त्याला कळलं होतं आपलं चुकलं ते. पण माफी मागायला जायचं म्हणजे त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागणार, म्हणून तो जाणं उद्यावर टाकत राहिला. रोज दुकानात काही ना काही निघायचंच, आणि तो त्या निमित्ताला आनंदाने चिकटून बसायचा. असा अख्खा हिवाळा गेला.

मग एका दुपारी, दुकानात गर्दी असताना, बेरिलबाईंचे शेजारी डग आले, हातात तोच डबा घेऊन. बाई शहरातल्या हॉस्पिटलात गेल्या होत्या, आदल्या आठवड्यात वारल्या.

"कोल्ह्याने सगळ्या कोंबड्या मारल्या तिच्या," डग म्हणाले. "तर इतक्या लांब शहरापर्यंत गाडी चालवत जाऊन अंडी आणायची तुझ्यासाठी. मी म्हटलं, सरळ पैसे दे की त्याला. तर म्हणाली, नरेनशी आपला व्यवहार असा नाही. पुढे गाडी चालवणं झेपेना, मग दुकानात यायचीच बंद झाली."

"पण नुसती यायची होती ना," नरेंद्र कसाबसा म्हणाला. "मी काही मागितलं असतं का?"

"ते मला नको विचारूस, मेट. डबा तुला द्यायला सांगितला होता तिने. आणि म्हणाली, त्याला सॉरी सांग. रिकामाच आहे."

डग गेले. काय झालं ते न कळलेली मयूरा आतून आली, सवयीने तिने डबा उचलला आणि विचारलं, "काय भरू रे?"

 नरेंद्रने तिच्या हातातून डबा काढून घेतला आणि दुकानभर माणसं असताना तो रडला.