अक्काची चौकशी

निवडणूक लागली की आमची आत्या भाजी आणायला भलत्याच गल्लीत जायची. चामराजपेटेत तिला सगळे अक्का म्हणत, आम्ही भाचरंसुद्धा. घराखाली भाजीवाला बसलेला असताना ही बाई पिशवी घेऊन उन्हातून तंगडतोड करत निघे, कारण त्या गल्लीत कुणीतरी उमेदवार राहत असे. त्याच्या दारात मात्र ती कधी गेली नाही. इस्त्रीवाला, फुलवाली, समोरच्या घरातली सासू, यांच्याशी कन्नडमध्ये गप्पा मारून सगळं काढून घ्यायची.

"भाषण काय, कुणीही ठोकेल," ती म्हणायची. "त्याच्या घरी मोलकरीण टिकते का, ते सांग." उमेदवारांची मालमत्ता, खटले, शिक्षण, सगळं मी मोबाइलवरून तिला वाचून दाखवायची. ऐकायची हो, नाही असं नाही. पण "हे त्यानंच लिहून दिलेलं ना?" म्हणत चपला शोधायला लागायची. आम्ही हसलो की तिचं ठरलेलं, "स्वल्प विचारून घेतलं तर जीभ झिजते काय गं?" एकदा एका डॉक्टर उमेदवारावर आम्ही सगळे लट्टू होतो. हिनं बातमी आणली की त्याची म्हातारी आई शेजाऱ्यांकडे जेवते. झालं! घरातली सगळी मतं फिरली.

मग गेल्या विधानसभेला माझे वडील, अप्पा, म्हणजे तिचा पाठचा भाऊ, अपक्ष उभे राहिले. घरात नुसती धांदल. अक्का मात्र फिरकेना. नंतर कळलं, ती आमच्याच गल्लीत पिशवी घेऊन हिंडत होती आणि आमच्या दारावरून न थांबता जात होती. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आली, चहा प्यायली आणि अप्पांना म्हणाली, "गल्लीचा बोअरचा नळ तू कंपाउंडच्या आत घेतलास. पाणी भरायला बायकांना तुझी कडी वाजवावी लागते. माझं मत तुला नाही रे."

अप्पा कन्नडमध्ये "सरी", म्हणजे "बरं", एवढंच म्हणाले.

अप्पा दणकून पडले. अक्काच्या एका मतानं काही होणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. नळसुद्धा त्यांनी मुकाट्यानं पुन्हा बाहेर काढून दिला. पण भाऊबीजेला ते गेले नाहीत. अक्का ओवाळणीचं तबक घेऊन बसून राहिली. पुढच्या वर्षीही तेच. "राग उतरला की येईल," असं म्हणून माझ्याच हातावर करंजी ठेवायची बिचारी. मला दोघांचाही संताप यायचा, आणि दोघांची कणवही.

यंदा श्रावणात अक्का झोपेतच गेली. बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची लागते, ती घेऊन अप्पा आले. स्वतःच्या हातानं ती तिच्यावर पांघरली आणि तिथंच खाली बसले. नळाबद्दल काही बोलतील, चुकलो म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि त्यांना हुंदका फुटला.

"मत दिलं नाहीस, त्याचं काही नाही गं अक्का," ते म्हणाले. "पण माझी चौकशी शेजाऱ्यांकडे? मला विचारायचंस. तुझ्याशी कधी खोटं बोललोय का मी?"