नुसती रिंग ऐकायला

अमरावतीच्या बस स्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करणाऱ्या या माणसाची एक सवय आहे. ज्याची बॅटरी बदलली, त्याला तो संध्याकाळी फोन लावतो. नुसती रिंग ऐकायला.

परवा मी 'आपली वस्तू कुठेही दुरुस्त करता यावी' या हक्काची पत्रकं द्यायला गेलो, तेव्हा त्याने एका ताईंची फुगलेली बॅटरी नुकतीच बदलली होती. फोन सुरू होताच स्क्रीनवर इशारा आला: ही बॅटरी कंपनीची नाही.

"नकली टाकली काय? माही जुनीच लावून द्या!" ताई भडकल्या.

बॅटरी चांगली होती. पण लोकांनी फक्त आपल्याच सेंटरला यावं म्हणून कंपनी त्यांना घाबरवते, आणि चोर ठरतो हा!

त्याने फुगलेली बॅटरी वाळूच्या डब्यात खुपसली. "ताई, शिव्या द्या. पण हे पेटली तर? मी नाई लावत."

ताई नव्या बॅटरीचा फोन घेऊन तणतणत गेल्या. मी तिथेच रेंगाळलो.

संध्याकाळी त्याने ताईंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

"दुसऱ्या कोनाकडं खोलून खराब बॅटरी तर नसन टाकली?" तो पुटपुटला.

अखेर रिंग गेली.

"काहून फोन केला?" ताई खेकसल्या.

"काई नाई, ताई. वाजला, बस."