अनंतगुरुजी आणि घाटावरचा परका कुरव

अनंतगुरुजी मंत्र म्हणताना यजमानाकडे कधीच पाहत नसत. त्यांचे डोळे गंगेवर. एकदा ब्रह्मा घाटावर एका गृहस्थांचं तर्पण चाललं होतं. ऐन संकल्पात गुरुजी थांबले आणि ओरडले, "जरा ठहरा! तो बघा, तो आपल्यातला नाही!" गृहस्थ दचकून आजूबाजूला पाहू लागले. गुरुजींचं बोट होतं पाण्यावरच्या कुरवांच्या, म्हणजे सीगल पक्ष्यांच्या थव्याकडे.

काशीला थंडीत कुरव येतात, यात नवल नाही. नावाडी त्यांना हाका मारतात, प्रवासी शेव उधळतात. "सायबेरियातून आलेल्या पाहुण्याला शेव! पोट बिघडलं तर वैद्य कुठून आणायचा?" म्हणून गुरुजी करवादत. पण त्या दिवशी त्यांनी हेरलेला पक्षी वेगळाच होता. थोराड, पाठ पाटीसारखी करडी, पाय पिवळे, चोचीवर लाल ठिपका. बाकीचे शेवेवर तुटून पडत आणि हा एकटा रिकाम्या नावेवर बसून राही.

गुरुजींच्या पिढ्या काशीत गेल्या. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. मी बँकेत बदली होऊन आलेला, मूळचा हर्णैचा. त्यांनी मलाच धरलं. "तुम्ही समुंदरवाले. सांगा, कोण हा?" लहानपणापासून मी कुरव पाहत आलो होतो, पण निरखून एकही पाहिला नव्हता. शेवटी आईला घाटावर घेऊन गेलो. परक्या गावात तिचं मन रमत नव्हतं. तिने डोळ्यांवर हात धरला. "अगो बाई, हा तर आमच्या बंदरावरचा! मासळीच्या होड्यांवर बसतो तो. इथे कसा वाट चुकला मेला?"

झालं. त्या दिवसापासून गुरुजी तिला 'माई' म्हणू लागले आणि रोज सकाळी घाटावर दोघांची बैठक बसू लागली. भरती कुठवर चढते, हे पक्षी निजतात कुठे, गुरुजींच्या प्रश्नांना अंत नव्हता. "विचारल्याशिवाय विद्या येत नाही माई, त्यात शरम कसली?" आईला बोलायला माणूस मिळालं. एकदा त्यांच्याजवळच ती म्हणाली, "मला परत एकदा समुद्र बघायचाय हो." मी मार्चची तिकिटं काढली. फेब्रुवारीत न्यूमोनियाने आई गेली.

दहाव्याच्या दिवशी घाटावर पिंड ठेवला. कावळे कठड्यावर बसले होते, पण खाली उतरेनात. मामांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची हमी दिली, मी तिला अंतर देणार नाही म्हणालो. कावळे ढिम्म. गुरुजी हळूच म्हणाले, "समुद्राचं बोला."

मी हात जोडले. "आई, तुझ्या अस्थी हर्णैला नेईन."

मामा उसळलेच. "वेड लागलंय का तुला? लोक अस्थी काशीला आणतात आणि तू काशीतून बाहेर नेणार?" एवढ्यात नावेवरून तो कुरव उठला, सरळ आला आणि पिंडाचा घास घेऊन गेला. कावळे बघत राहिले.

"हे चालायचं नाही," मामा म्हणाले. "कावळाच शिवायला हवा."

गुरुजी शास्त्राचे पक्के. दर्भाची एक काडी उलटी पडली तरी सगळं पुन्हा मांडायला लावत. आई अडकली की सुटली, एवढंच मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं. ते मात्र त्या पक्ष्याकडे पाहत होते. मग खाली बसून त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी पुरा केला. "मामासाहेब, शास्त्र झालं. त्यात कसर नाही." मग अस्थींतल्या मूठभर त्यांनी वेगळ्या फडक्यात बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. "बाकीच्या गंगेला. या घरी न्या. गंगाही समुद्रालाच जाते, पण ती पूर्वेच्या. माईंना पश्चिमेचा हवा होता." ते फडकं घेताना मला त्या दहा दिवसांत पहिल्यांदा रडू फुटलं.

मार्चमध्ये हर्णैला जाऊन मी अस्थी समुद्रात सोडल्या. किनाऱ्यावर परततो तोच गुरुजींचा फोन. माझी विचारपूस राहिली बाजूलाच. "तो घाटावर दिसत नाही हो, बहुत दिन झाले. तिकडे आलाय का?"

मी बंदराकडे पाहिलं. होड्यांवर, वाळूवर, जिकडे तिकडे कुरव. कितीतरी पाठी तशाच करड्या, पाय तसेच पिवळे.

"आहेत पुष्कळ गुरुजी. पण त्यातला तो कुठला, ते काही ओळखू येत नाही."



"बढिया," ते म्हणाले. "म्हणजे पोचला."