सलाईनमधली साखर

ह्यांना लहानपणापासून साखर. इन्सुलिनची सुई रोजचीच, जेवणाआधी. पण एकदा ताप आला, उलट्या सुरू झाल्या, पाणीसुद्धा पोटात ठरेना.

"खाल्लंच नाही तर सुई कशाला? साखर उगाच खाली जाईल," हे म्हणाले. मला पटलं. माझी शाळा सातवीत सुटली, पण हिशेब तर सरळ वाटत होता.

दुसऱ्या दुपारी हे पडल्यापडल्या धावून आल्यासारखा श्वास घ्यायला लागले. हाक मारली की डोळे उघडत, पण मला ओळखत नव्हते. वारज्यात आमचं कोण? माणसं सगळी यवतमाळकडे. मी खाली घरमालकीण काकूंकडे धावले. जिन्यात बादली ठेवली तरी बोलणाऱ्या त्या. वर येऊन त्यांनी ह्यांना एकदा पाहिलं आणि रिक्षा बोलावली, स्वतःही सोबत बसल्या.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "इन्सुलिन बंद केलं, म्हणून रक्तात आम्ल साचलंय. जिवावरचं आहे." एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताला इन्सुलिन. तासातासाला बोट टोचून साखर बघत. आकडा उतरू लागला तसा मला जरा धीर आला. तेवढ्यात सिस्टरनी नवी बाटली आणली.

"ही कसली?"

"ग्लुकोज."

मी त्यांचा हातच धरला. "अहो, साखरेच्या माणसाला साखर? मारता का ह्यांना?"

सिस्टर चिडल्या नाहीत. "ताई, साखर उतरली, पण आम्ल आहेच. ते जाईपर्यंत इन्सुलिन चालू ठेवायला हवं. नुसतं तेच दिलं तर साखर फार खाली जाईल, म्हणून सोबत ही."

"म्हणजे पोट रिकामं असलं तरी सुई लागते?"

"आपल्या मनाने बंद करायची नाहीच. आजारपणात किती घ्यायची, ते डॉक्टरांना विचारायचं."

मी हात सोडला. कळलं होतं, तरी बाटलीतला एकेक थेंब मोजत राहिले.

"बाटलीकडे बघून ती लवकर संपत नाही," काकू म्हणाल्या. "नवऱ्याकडे बघ."

आमच्यासाठी थांबायचं त्यांना काही कारण नव्हतं, तरी घरी जायचं नावही त्यांनी काढलं नाही. असे उपकार कुठे फेडायचे?

संध्याकाळी ह्यांनी डोळे उघडले. काकू दिसताच गडबडून उठू लागले.

"पडून राहा रे! घर खाली करा म्हणायला आले नाहीये मी."

हे लाजले. त्यांनी काकूंना ओळखलं होतं.