भिंतीला चिकटलेले कपाट

"हात पाहू द्या जी," हे ग्रंथपालकाकांचे स्वागत. तळहात उलटसुलट पाहून झाले की ते पिशवीकडे वळत. चिखलीजवळच्या एका जुन्या कॅथलिक सेमिनरीचे, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाचे, ग्रंथालय आणि दफ्तरखाना ते सांभाळत. मी निवृत्त शिक्षक. पूर्वीच्या धर्मगुरूंनी गावोगाव फिरून टिपलेल्या वऱ्हाडी शब्दांचे एकमेव बाड तिथल्या सागवानी कपाटात होते. मला ते उतरवून घ्यायचे होते. त्यांना ते कोणाच्याही हाती द्यायचे नव्हते.

वाचकहो, संशयी माणसे बहुधा कोणा एकावर डूख धरतात. यांचा संशय सर्वांवर सारखा होता, त्यामुळे त्याचा राग येत नसे. कपाटापुढे ते चुन्याची भुकटी पसरत आणि सकाळी वाकून ठसे शोधत. एकदा मांजराची पावले उमटली.

"हे मांजर आत काऊन आलं?" त्यांनी स्वयंपाकीणबाईंना दरडावले.

"वाचाले आलं असन जी! चश्मा विसरलं वाटते."

ते हसले नाहीत. मी विचारले, "निदान फादरवर तरी भरवसा आहे ना?"

"फादर बदलून जातेत, गुरुजी. कपाट अथीच राह्यते."

मागची फळी कोणी उचकटू नये म्हणून ते कपाट त्यांनी भिंतीला घट्ट चिकटवले होते. वाऱ्यालाही फट नव्हती.

शेवटी नव्या फादरांनी मला परवानगी दिली. काकांनी नाइलाजाने कुलूप काढले, बाड उचलले आणि ते जागच्या जागी थबकले. बाड हलके लागत होते. भिंतीतून वाळवी शिरली होती. मागची निम्मी पाने माती झाली होती.

"मानसाईवर नजर ठेवली जी म्या," ते पुटपुटले. "भिंतीवर नाही ठेवली."

"काका, तुमचा दोष नाही," फादर म्हणाले.

"मंग कोनाचा हाय?" त्यांनी खरोखरच विचारले.

त्याच वर्षी ते पिंपळगाव राजाला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. मला आठवतात ते कपाट उघडल्याच्या दुसऱ्या दिवशीचे. अंगणात उरलेली पाने उन्हात मांडलेली, प्रत्येकावर खडा, आणि ते रस्त्याने जाणाऱ्यांना हाका मारत होते, "या जी, आत या! हात लावा, पानं पलटवा!"

माणसे फाटकाशी थांबत, एकमेकांकडे पाहत, आणि पुढे निघून जात.