कारणाचा रकाना

उशीर जगात सगळ्यांनाच होतो, पण झालेल्या उशिराचं कारण त्याच मिनिटाला लेखी नोंदवून ठेवणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला बहिणीचा नवरा म्हणून आला. आमचे दाजी दौंडला रेल्वेत गार्ड होते, तेही मालगाडीचे. ते रिटायर झाल्यावर रेल्वेनं गार्डाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, याचा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. "मॅनेजर म्हंजी? मी काय लॉज चालवत व्हतो का?" असं ते अधूनमधून कुणालाही विचारतात. गार्डानं प्रत्येक स्टेशनची वेळ लिहायची, गाडी थांबली तर किती थांबली ते लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं, असा त्या कामाचा नियम. नोकरी संपली, पण दाजींचा रकाना काही संपला नाही. शर्टाच्या खिशात छोटी वही आणि वहीला दोऱ्यानं बांधलेलं पेन, या वेशात ते लग्नाला जातात, दहाव्याला जातात आणि दाढी करायलाही जातात.

कारेगावला माझ्या पुतणीचं लग्न होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा आणि अक्षता पडल्या दोन वाजून गेल्यावर. मांडवात सगळे भुकेनं कावलेले, लहान पोरं रडून रडून झोपलेली, आणि दाजी खांबाला टेकून शांतपणे लिहीत होते. मी डोकावून पाहिलं. "सुटण्याची वेळ १२.३५. सुटली २.०५. कारण: दोन पुढारी यायचे होते. एक आला. त्यानंच दोघांइतकं भाषण केलं." बरं, लिहिलं तर लिहिलं, वही झाकून ठेवावी की नाही? माझ्या थोरल्या भावानं ती वाचली आणि चार महिने दाजींशी अबोला धरला. अबोला सुटला त्या दिवशी दाजींनी मला फोन करून सांगितलं, "बोलले बुवा. चार महिने लेट. कारण लिवलं न्हाई, नायतर परत रुसायचे."

दुसरी खोड गाडीत बसण्याची. दाजी पुढच्या सीटवर कधी बसत नाहीत. मागं बसतात आणि तिथंही मान वळवून मागच्या काचेतून गेलेला रस्ता बघत राहतात. "फुडं बघायला तुम्ही हायसा. गाडीत मागं बघणारा एक तरी पाह्यजे का नको?" यावर काय बोलणार, कपाळ! शिवाय त्यांनी "राइट" म्हटल्याशिवाय गाडी हलवायची नाही. एकदा त्यांना शिरूरहून दौंडला सोडायला निघालो होतो. न्हावऱ्याला चहा घेतला आणि मी घाईत स्टार्टर मारून निघालो. चार-पाच किलोमीटर एकटाच बोलत होतो. मागून हूं नाही की चूं नाही, म्हणून आरशात पाहिलं तर सीट रिकामी. निघण्याआधी ते मागची चाकं तपासायला उतरले होते. गाडी वळवून परत गेलो तर हे चहाच्या टपरीसमोर ताठ उभे. शिवी नाही, तक्रार नाही, फक्त वही पुढं केली. "न्हावरा येथून गाडी गार्डाशिवाय धावली. कारण: मेव्हण्याची घाई." खाली माझी सही घेतली तेव्हाच आत बसले.

मी हे हसत सांगतो खरा, पण या वेडाला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला ठाऊक आहे. मालगाडीला वेळापत्रक नसतं. बोलावणं घेऊन रेल्वेचा माणूस दारात उभा राहायचा आणि दोन तासांत हजर व्हावं लागायचं, मग सण असो की ताप असो. गेलेला माणूस परत कधी येईल हे देवालाही सांगता यायचं नाही. माझी बहीण, आमची आक्का, रोज चार भाकरी जास्तीच्या थापायची, का तर ते आलेच तर. आक्का गेली त्या दिवशी दाजी जेऊरच्या अलीकडं बाजूच्या रुळावर मालगाडी घेऊन उभे होते. निरोप त्यांना सकाळी दहालाच मिळाला. पण गार्डाला गाडी सोडून येता येत नाही, त्याच्या जागी रिलीव्हर यावा लागतो, आणि निघालेला रिलीव्हर स्वतःच वाटेत अडकून पडला होता. दाजी घरी पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता आणि आम्ही सगळे त्यांच्यासाठीच थांबलो होतो. त्यांची सहा वर्षांची मुलगी स्वाती माझ्या मांडीवर बसली होती. दाजींनी त्या दिवशीही वही लिहिली. "कारण: रिलीव्हर नाही." तेव्हा मला त्या माणसाचा इतका राग आला होता म्हणून सांगू! आता येत नाही.

ही स्वाती, माझी भाची, पुढं पायलट झाली. काही वर्षं विमान शिकवणाऱ्या शाळेत तिनं दुसऱ्यांच्या पोरांना उडायला शिकवलं आणि नोकरीसाठी अर्ज करत राहिली. गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक होतं एका उद्योगपतीच्या खाजगी जेटचं. आठ सीटांचं चकचकीत विमान, मुक्काम पुण्यात, पगार भरपूर. दुसरं मोठ्या एअरलाइनचं. सुरुवातीला पगार कमी, सगळ्यांत ज्युनिअर, आणि पोस्टिंग थेट कोलकात्याला. आठ दिवसांत कळवायचं होतं.

माझं मत मी लगेच देऊन टाकलं. दाजींना अडुसष्ट चालू आहे, आदल्या वर्षी स्टेंट बसलाय, घरात एकटे. पोर पुण्यात राहिली तर दीड तासात दौंडला पोचेल. कोलकात्याहून कोण येणार? यात विचार करण्यासारखं काय आहे, असं मी स्वातीला फोनवर चांगलं ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, "मामा, माझंही तेच चाललंय. पण पप्पा म्हणतात, आधी चौकशी होणार."

चौकशी म्हणजे चौकशीच. रविवारी सकाळी दौंडला गेलो तर ओसरीत तीन खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर वही, पाण्याचा तांब्या, आणि दाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेले. आधी स्वातीला दोन्ही बाजू मांडायला सांगितल्या. ती मन लावून सांगत होती. खाजगी जेटमध्ये रोज नवी जागा, छोट्या धावपट्ट्या, कॅप्टनही कदाचित लवकर होता येईल. मात्र मालकानं विमान विकलं की नोकरीही गेली. एअरलाइनमध्ये वर्षानुवर्षं कॅप्टनच्या शेजारी बसायचं, दिवसाला त्याच त्या फेऱ्या, पण ड्युटीचा तक्ता आधी हातात मिळतो, विश्रांतीचे तास ठरलेले असतात आणि पायरी पायरीनं वर जाता येतं. दाजींनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "त्या जेटवाल्या मॅनेजरला फोन लाव. स्पीकरवर."

"नमस्कार साहेब. पोरीचा बाप बोलतोय, दौंडवरनं. गाडी कवा सुटती तुमची?"

"गाडी?" पलीकडचा माणूस गोंधळला.

"विमान हो."

"सर, तसं फिक्स नसतं. मालकांनी सांगितलं की निघायचं. कधी आदल्या दिवशी कळतं, कधी दोन तास आधी."

दोन तास म्हटल्यावर दाजींनी माझ्याकडं पाहिलं. "आन् परत कवा येतं?"

"मालकांचं काम झालं की."

"तवर पायलटनं काय करायचं?"

"थांबायचं, सर. हॉटेल एकदम मस्त असतं."

"बरं. आता शेवटचं इचारतो. मधीच पायलटच्या घरी काय झालं, तर रिलीव्हर कोण?"

मग तो भला माणूस खरं तेच बोलला. "सर, आमच्याकडं दोनच पायलट आहेत. तशी वेळ आली तर करू ना काहीतरी ॲडजस्ट."

दाजींनी त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि वहीत ठळक अक्षरात एकच शब्द लिहिला: मालगाडी.

"पप्पा, जेट आहे ते!" स्वाती ओरडली.

"असंल. रंग झ्याक हाय. पर मालगाडीच."

मला हसू आवरेना. पण स्वाती हसली नाही. ती खालच्या आवाजात म्हणाली, "असू दे मालगाडी. मी पुण्यात असेन. तुमच्याजवळ असेन. मला तेवढंच बघायचंय."

दाजी उठले, आत गेले आणि जुन्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. चष्मा लावून वाचायला लागले. "तुझा तिसरा वाढदिस. मुक्काम भिगवण, सव्वापाच तास. कारण: फुडं लायन मोकळी न्हाई. चौथा. मुक्काम काष्टी. कारण: इंजिन बंद. पाचवा. कुर्डुवाडी. सहावा..." सहाव्याला थांबले, पान उलटलं. "मी दौंडातच ऱ्हायला व्हतो की गं. जवळच व्हतो. किती वाढदिसाला व्हतो सांग? तुझ्या आईला मी एकदा बी सांगू शकलो न्हाई, की उद्या दुपारी मी जेवायला घरी हाय. एवढंच सांगायचं ऱ्हाऊन गेलं माझं."

स्वातीनं त्यांच्या हातातली वही घेतली. ती नुसतीच पानं उलटत होती आणि उलटता उलटता एका पानावर तिचा हात थांबला. ते पान मला माहीत होतं. त्या दिवशी रेल्वेला दिलेल्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करायला मीच गेलो होतो. आक्का गेल्याच्या दुसऱ्या वर्षी दाजींना पॅसेंजर गाडीवर बढती आली होती. वेळापत्रकाची गाडी, ठरलेली ड्युटी, जन्मभर ज्याची वाट पाहिली ते. पण बदली होती सोलापूरला, आणि पोरीची शाळा, शेजार, सांभाळणारी आजी असं सगळं दौंडात. स्वातीनं मोठ्यानं वाचलं, "पॅसेंजरचं पत्र आलं. नकार दिला. कारण: स्वाती."

"तुम्ही तर मला बढतीच्या परीक्षेत नापास झालो म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि रागही आला होता. "मला विचारलं होतं का तुम्ही?"

"सात वर्साच्या पोरीला काय इचारायचं?" दाजी म्हणाले. "मला त्याचं दुख न्हाई. देवाशपथ न्हाई. पर तुझ्या वहीत कारण म्हणून माझं नाव लागाया नको. तेवढं मला सोसायचं न्हाई."

"मग आता तरी विचारा ना! आताही तुम्हीच ठरवून बसलाय. चौकशी कसली, निकालच लावलाय."

पोरीनं बापाला बरोबर पकडलं होतं. मी मनात म्हटलं, शाब्बास. दाजींनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पेन खाली ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. "बरं. इचारतो. तुला काय पाह्यजे?"

ती हातातली वही मिटून म्हणाली, "मला मोठं विमान उडवायचंय, पप्पा. आधीपासून तेच हवं होतं. तुम्ही एकटे आहात म्हणून मी ते स्वतःलाच सांगत नव्हते."

"मंग जा की," दाजी म्हणाले. त्यांनी पेन उचललं, घड्याळ बघितलं आणि लिहिलं, "निर्णय ११.२०. वेळेवर." मी विचारलं, कारण? तर म्हणाले, "येळेवर असलं की कारण लागत न्हाई, पाव्हणं."

मी त्या दिवशी जेवतानाही नीट बोललो नाही. उद्या काही झालं तर धावत कोण येणार? मीच ना, शिरूरहून? पण माझी भुणभुण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. बाप-लेक बॅगेचं वजन करत बसले होते. ती गेली त्या सकाळी कारखान्यात माझी फर्स्ट शिफ्ट होती, त्यामुळं मला स्टेशनवर जाता आलं नाही. दाजी एकटेच तिला पुण्याच्या डेमू गाडीत बसवून आले.

आता महिन्याच्या महिन्याला तिच्या ड्युटीचा तक्ता दाजींच्या फोनवर येतो. ते तो मोठ्या कागदावर उतरवून भिंतीला लावतात. चौदा तारखेला घरी म्हणजे चौदालाच, आणि दाजी अकरा तारखेपासून गल्लीत सांगत सुटतात, "चौदाला दुपारी जेवायला घरी हाय ती." डाळवाल्यालाही सांगतात, डॉक्टरलाही सांगतात. हे सांगताना त्यांचा चेहरा बघावा. हौस फिटल्यासारखा असतो.

परवा त्यांच्याकडं गेलो होतो. दाजी चहा टाकायला आत गेले आणि वही टेबलावरच होती. वाईट सवय, मी चाळली. ती गेली त्या दिवसाचं पान निघालं. "डेमू सुटली ७.०५. वेळेवर." त्याखाली, "घरी पोच १०.४०." स्टेशनपासून घर पायी पंधरा मिनिटांवर आहे. पुढं कारणाचा रकाना कोरा होता. उशीर असूनही कोरा, असा इतक्या वर्षांत मी पाहिलेला पहिलाच.

"दाजी, हे भरायचं राहिलं तुमचं," मी चहाचा कप घेताना म्हणालो.

त्यांनी वही हळूच माझ्या हातातून काढून घेतली, मिटली आणि खिशात ठेवली. "ऱ्हायलं न्हाई. लिवायला बसलो व्हतो. एकच शब्द येत व्हता. तो त्या रकान्यात परत लिवायचा न्हाई असं ठरवलंय."

चहात साखर जास्त झाली होती, तरी प्यालो. भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणं स्वातीचा फोन पाच वाजून दहा मिनिटांनी यायचा होता, आणि पाचलाच दाजी फोन समोर ठेवून खुर्चीत ताठ बसले.